लेस्ताक राहिलंच की!
दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर चित्रकारांच्या कोणत्या जागा बघाव्यात, यावर सगळे नीस आणि आंतीब या शहरांवरच अडकलेत, म्हणून मार्सेय शहराच्या उत्तर टोकाला असलेलं लेस्ताक सुचवतो. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यभरती चुकवायला चित्रकार सेझान इथे येऊन राहिला आणि पुढेही येत राहिला. निळ्या समुद्रावर लाल छपरं, अगदी पत्त्याच्या पानासारखं, असं त्याने आपल्या चित्रकार मित्राला, पिसारोला, कळवलं होतं. १९०८ मध्ये चित्रकार ब्राकने इथलीच घरं रंगवली, तर समीक्षकाने 'नुसते ठोकळे' म्हणून नाक मुरडलं. क्यूबिझम (वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणारी चित्रशैली) हे नाव त्यातूनच, 'क्यूब' म्हणजे ठोकळा यावरून पडलं! ती लाल छपरं तिथल्याच कारखान्यांतल्या कौलांची, आपल्या मंगलोरी कौलांची चुलत भावंडं. आणि हो, बंदराजवळच्या टपरीवरचे पानिस सोडू नका. चण्याचं पीठ शिजवून, थिजवून तळलेल्या चकत्या. पाटवडीच म्हणा ना, फक्त फोडणी नाही.