मदत हवी आहे: चाकांवर घरी बनवलेली सपाट झाकणं

गाडीचं मायलेज वाढवायला चारही चाकांवर सपाट झाकणं बसवायची आहेत. चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो आणि रिमच्या आऱ्या हवा घुसळत राहतात, तेवढाच विरोध कमी करायचा आहे. टेस्लाच्या मॉडेल ३ वर अशी झाकणं कंपनीच देते. माझं बरंचसं ड्रायव्हिंग हायवेवर, ८०-९० च्या वेगात असतं, म्हणून फरक पडेल असं वाटतं. शहरात फारसा उपयोग नाही, हे मान्य.

पुठ्ठ्याचा साचा कापून झालाय. आता अडलंय ते पत्र्यावर. १ मिमी ॲल्युमिनियम घेऊ की पॉलिप्रॉपिलीनची शीट? प्लास्टिक हलकं, पण ब्रेकच्या उष्णतेने वाकेल अशी धास्ती आहे, विशेषतः पुढच्या चाकांवर, कारण ब्रेकिंगचा मोठा भार तिथेच येतो. आधी फक्त मागची दोन झाकावीत का?

आणि बसवायचं कसं? झिप टाय आऱ्यांना बांधून भागेल का? धावत्या गाडीचं झाकण सुटून मागच्या दुचाकीस्वाराला लागलं तर, या विचाराने मी थांबलोय. व्हॉल्व्हसाठी भोक ठेवणार आहेच. कुणी स्वतः बनवून वापरली असतील तर फोटोसकट सांगा, प्लीज.