दोनशिक्षकी शाळेत मुलांनीच चालवायची परसबाग: हात धुतल्याचं पाणी, खत आणि मे महिना

माणदेशी गुरुजी

दहिवडी परिसरातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट ६२, शिक्षक दोन. शाळा व्यवस्थापन समितीने परसबागेला होकार दिला आहे. इमारतीमागे साधारण १० बाय ६ मीटर जागा आहे, मुरमाड. स्लॅब ६० चौरस मीटरचा. पाणी बोअरचं आणि जड, मार्चनंतर टँकर. हात धुवायला ८ तोट्या आहेत. ते पाणी सध्या उघड्या गटारीतून मैदानात उतरतं आणि तिथे कायम चिखल असतो.

अट एकच: बाग मुलांची हवी. मोजणी, नोंद, पाळ्या, काय पेरायचं, सगळं त्यांनी ठरवायचं. शिक्षकांनी बाग करायची आणि मुलांनी ते सांगतील तिथे पाणी ओतायचं, असं नको.

या पाण्यावर किती वाफे निघतील? पोषण आहारातली देठं, सालं आणि उरलेली खिचडी यांचं काय करावं? आणि मे महिन्यात बाग जगवायची कशी?

येरळाकाठ

गुरुजी, वाफ्यांचा आकडा आधी धरू नका. पाणी मोजणं हेच तिसरी-चौथीचं पहिलं काम असू द्या. गटारीच्या तोंडाशी १५ लिटरची बादली लावायची, भरली की फळ्यावर एक रेघ. तीन दिवस सलग मोजा, त्यात एक बाजाराचा दिवस धरा, कारण त्या दिवशी हजेरी पडते. जेवणाआधी हात धुवायला मुलामागे अर्धा लिटर आणि नंतर ताट-हात धुवायला एक लिटर धरला, तर ६२ मुलांचं ९० लिटरच्या आसपास निघतं. त्यातलं ६० लिटरच हाती येईल असं समजून पुढचा हिशेब करा.

वाफा ३ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद. याहून रुंद नको. लहान मुलाचा हात जेमतेम ४५ सेंटिमीटर आत जातो, पुढचं तण काढायला ते वाफ्यातच उतरतं आणि माती दाबली जाते. अशा वाफ्याला हिवाळ्यात रोज ११ लिटर लागतं, मार्च-एप्रिलमध्ये १९ पर्यंत जातं. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार वाफे, मार्चमध्ये तीन. कागदावर पाच बसतात, पण रविवार आणि सुट्ट्यांना तोट्या बंद असतात हे विसरू नका.

आता पाणी गाळण्याचं. घोटाळा होतो तो साबणाने नाही, भाताच्या शितांनी. शितं आणि तेलकटपणा गटारीत बसला की दोन दिवसांत वास सुटतो. म्हणून ताटं थेट तोटीखाली धरू देऊ नका. आधी ताटातलं उरलेलं एका बादलीत खरवडायचं, मग टबात पहिली विसळणी, मग तोटी. टबातलं पाणी आंबटगढूळ होतं, ते बागेत नको, रोज झाडाखाली लांब ओतून टाका. तोटीचं पाणी पुढे जाऊ द्या: गटारीच्या तोंडाला स्टीलची जाळी, तिच्याखाली २० लिटरची रंगाची रिकामी बादली, बाहेर जायचं भोक काठापासून ५ सेंटिमीटर खाली. गाळ तळाशी बसतो, बादली दर शनिवारी रिकामी करायची.

बादलीतून पाणी कर्दळीच्या वाफ्यात, म्हणजे खडीत कर्दळ लावलेल्या, पाणी गाळणाऱ्या वाफ्यात. लांबी २ मीटर, रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ५० सेंटिमीटर. मुरूम पाणी पिऊन टाकतो म्हणून तळाशी आणि बाजूंना जाड प्लास्टिकचा कागद हवाच. पाणी शिरतं तिथे ४० मिलिमीटरचे दगड फूटभर रुंदीत, बाकी सगळीकडे २० मिलिमीटरची खडी, तळाला २ सेंटिमीटर उतार. बाहेर पडणाऱ्या पाइपाला एल्बो (काटकोनी जोड) बसवा आणि तो असा फिरवून ठेवा की पाण्याची पातळी खडीच्या ५ सेंटिमीटर खालीच राहील. पाणी उघडं दिसलं की डास आलेच. खडीच्या पोकळीत साधारण २४० लिटर मावतं, म्हणजे पाणी दोन-अडीच दिवस मुळांतून मुरत पुढे सरकतं. निघालेलं पाणी झाकणाच्या पिंपात घ्या आणि त्याच दिवशी संपवा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंप घासून पालथं घाला.

या पाण्यावर कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खाल्लं जाणारं काही घेऊ नका. शिजवून खायची भाजी चालते, तीही पाणी पानांवर न मारता ओळीच्या कडेने द्यायचं. आणि गटारीत ब्लीचिंग पावडर कुणी टाकणार नाही हे स्वयंपाकी ताईंना आधीच सांगून ठेवा.

आटपाडीकर

वरचं सगळं बरोबर. माझी भर मातीबद्दल.

बागेच्या पुस्तकात बघून गादीवाफे करू नका. गादीवाफा, म्हणजे वाटेपेक्षा उंच वाफा, जावळी, पाटण, शिराळ्याच्या भरपूर पावसाला. आपल्याकडे उलट, वाटेपेक्षा १० सेंटिमीटर खोल वाफा करायचा, म्हणजे टाकलेलं पाणी तिथेच राहतं आणि वारा माती सुकवत नाही. मुरूम ३० सेंटिमीटर खणून काढा, चाळा. तलावाचा गाळ दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, चाळलेला बारीक मुरूम एक भाग. एका वाफ्याला ०.८ घनमीटर, म्हणजे पन्नासेक घमेली. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मेथीची मुळं खातात. खणणं मोठ्यांनी करावं. चाळणं आणि घमेली मोजणं मुलं मजेत करतात.

पेरताना मुलांची मूठ भरून बी एकाच जागी पडतं. बियांत चौपट वाळू मिसळा. ९० सेंटिमीटरची काठी आडवी दाबून १ सेंटिमीटर खोल ओळ उमटवायची, १० सेंटिमीटरवर पुढची. मिश्रण दोन बोटांच्या चिमटीने ओळीत सोडायचं, हाताच्या पालथ्या बाजूने माती ओढायची. पहिलीची मुलंसुद्धा हे नीट करतात. एका वाफ्याला मेथी १५ ग्रॅम पुरते. तीन ते पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात उपटायला येते.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. ६२ मुलांची ३.१ किलो. चांगला साधलेला मेथीचा वाफा अडीच किलोच्या घरात देतो. म्हणजे एक वाफा, महिनाभर काम, आणि एका दिवसाचीही पुरी भाजी नाही. हे मुलांनाच तागडीवर मोजू द्या, शेतकऱ्याच्या घरातली आहेत, त्यांना लगेच समजतं. चारही वाफे एकाच दिवशी पेरू नका, आठवड्याच्या अंतराने पेरा.

जड पाण्याने जमिनीवर पांढरा थर येतो. पालक आणि बीट ते सोसतात. घेवडा, कांदा, गाजर सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात आणि मुलांना वाटतं पाणी कमी पडलं, मग ती आणखी ओततात. थर दिसला की खरवडून बाहेर टाका, आणि पावसाचं साठलेलं पाणी वाफा धुवून काढायला वापरा. ६० चौरस मीटर स्लॅबवर २० मिलिमीटरची एक सर पडली तर वाया गेलेलं वजा जाता ९५० लिटर मिळतं. १००० लिटरची टाकी पुरे. आपल्याकडे पाऊस मुख्यतः परतीचा, सप्टेंबरात. मोठी टाकी घेतली तरी ती उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. पहिल्या सरीचे ६० लिटर बाजूला सोडायचे, त्यात स्लॅबवरची धूळ आणि पारव्यांची घाण असते.

शेवगा चार कोपऱ्यांत, पण खेळायच्या जागेपासून लांब. फांदी ठिसूळ असते, मूल लोंबकळलं की मोडते. झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे पाला हाताच्या उंचीवर राहतो.

मिरजेच्या बाई

सर, बाग मुलांची की शिक्षकांची, हे पाळीच्या तक्त्यावर ठरतं. इयत्तेनुसार गट केले की चौथी सगळं करते आणि पहिली बघत बसते. चार वाफ्यांचे चार गट करा, प्रत्येकात चारही इयत्ता. आतल्या पाळ्या हजेरी क्रमांकाने, दर पंधरा दिवसांनी बदल. क्रमांक पाळला नाही तर आपोआप झाडू मुलींच्या हातात आणि पाण्याचा पाइप मुलांच्या हातात जातो, हे अगदी न ठरवता घडतं. आणि बागेतलं काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. एकदा दिलं की वर्षभराचा रस जातो.

निर्णय म्हणजे खरा निर्णय. बालमंत्रिमंडळाच्या बैठकीत प्रत्येक गट आपल्या वाफ्याचं पीक ठरवेल. डिसेंबरात एखाद्या गटाने कलिंगड म्हटलं तर नाही म्हणू नका. दिवस, पाणी, सुट्टी यांचा हिशेब त्यांना फळ्यावर मांडायला लावा. हिशेब मांडूनही कलिंगडच हवं असेल तर एक वाफा जाऊ द्या.

अवजारं हाताच्या मापाची हवीत. ५ लिटरचा तेलाचा कॅन, झाकणाला दाभणाने दहा भोकं, आत २ लिटरच पाणी. पहिलीच्या मुलाने त्याहून जास्त उचलू नये. खुरप्याचं टोक कानशीने गोल करून घ्या.

उरलेल्या खिचडीचा प्रश्न खताआधी वाढण्यापाशी सोडवा. खरवडलेल्या बादलीचं वजन मुलं रोज फळ्यावर लिहितील, शेजारी हजेरी. आठवड्यात दिसतं की उरतं ते बहुतेक पहिल्या वाढीतलं. आधी निम्मं वाढायचं, हवं तर पुन्हा मागायचं, एवढ्याने बादली हलकी होते. तरी उरेल ते कोंबड्यांना त्याच दिवशी. गाईम्हशींना जास्त भात घालू नका, पोटात आम्ल वाढून जनावर फुगतं. शिजलेलं अन्न खतात अजिबात नको, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

माणदेशी गुरुजी

सगळ्यांचे आभार. खताला २०० लिटरचं पिंप भोकं पाडून ठेवायचं आहे, ते बरोबर ना? आणि मे महिना राहिलाच.

आटपाडीकर

पिंप चालेल, पण त्यातलं खत तापेल अशी आशा नको. तीन किलो भाजीतून देठं-सालं निघणार अर्धा किलो. एवढ्याशा रोजच्या भरीने ढीग तापत नाही, कारण उष्णता धरायला निदान मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग लागतो. म्हणून दोन वेगळी कामं समजा. पिंपात रोजचं: १० मिलिमीटरची ३०-४० भोकं, खाली विटा, तळाला वीतभर काड्या, मग एक भाग ओलं आणि दोन भाग वाळला पाला, वरून थोडा शेणकाला. मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. वास आला म्हणजे पाला कमी पडलाय. हे हळूहळू कुजेल, चार-पाच महिने धरा.

दुसरं काम वर्षातून एकदा, पानगळीनंतर. कडुनिंब, चिंच, पिंपळाचा पाला, ज्वारीची धसकटं ठेचून, गावातलं शेण, सगळं एकाच दिवशी रचून मीटरभराचा ढीग. त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवा, पाच मिनिटांनी काढून हात लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सळई चटका देते. चटका कमी झाला की ढीग उलटायचा, हे वेळापत्रक सळईवरून मुलं ठरवतात. कडबा कुणी देणार नाही, मागूही नका. गाजरगवत मुलांच्या हाती नको, त्वचेला खाज सुटते. मोठ्यांनी फुलोऱ्याआधी उपटलेलं असेल तरच घाला. गणपतीनंतरचं निर्माल्य उत्तम, फक्त दोरे, जर आणि थर्माकोल वेचायला एक तास द्या.

येरळाकाठ

मे महिन्याचं नियोजन सप्टेंबरात करायचं असतं. सुट्टीत तोट्या बंद, म्हणजे बागेचं पाणीच बंद. म्हणून केळ लावूच नका. पालेभाजी एप्रिलच्या मध्याला संपवा, वाफ्यांवर १० सेंटिमीटर पाला पसरा आणि तसेच ठेवा. कर्दळ वीतभर ठेवून कापा. कंद तग धरतात, आठवड्याला एक बादली पुरते.

जगवायचं ते चार शेवगे आणि दोन कढीपत्ते. प्रत्येकाच्या बुडाशी ५ लिटरचं कच्चं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर फरशीचा तुकडा. तीन दिवसांतून एकदा भरायचं, सहा मडक्यांना ३० लिटर. १ मे ते १५ जून म्हणजे १५ वेळा, एकूण ४५० लिटर. शाळेजवळच्या १५ घरांना एकेक पाळी द्या, तारीख मुलाच्या हाताने लिहून घरी जाऊ द्या. गावाला टँकर चालू असताना प्यायचं पाणी बागेला कुणी देणार नाही आणि देऊही नये. घरच्या धुण्याचं शेवटचं विसळलेलं पाणी मागा. जड पाण्याने मडक्याची छिद्रं वर्ष-दोन वर्षांत बुजतात. भरलेलं मडकं चौथ्या दिवशीही निम्म्याहून जास्त भरलेलं दिसलं तर बदला.

पालक, खटाव

कुंपणाचं कुणी बोललं नाही. मेंढरं आणि शेळ्या एका दुपारी सगळं साफ करतात. बाभळीच्या काट्या टाकू नका, अनवाणी मुलं असतात. मेंदीची दाट ओळ, एक फुटावर एक रोप, ती वाढेपर्यंत जुन्या साड्या किंवा जाळी. शेर लावू नका, चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. मोगली एरंड, कण्हेर, बिट्टी यांच्या बिया मुलं तोंडात घालतात, ती झाडं शाळेत नकोतच.

माणदेशी गुरुजी

मडकी आणि मेंदी या वर्षीच करतो. एक शेवटचं: कर्दळीच्या वाफ्याला रस्त्याच्या कामातली उरलेली खडी मिळतेय. चालेल का?

येरळाकाठ

चालेल, डांबर लागलेली तेवढी बाजूला काढा. भरण्याआधी धुवा, क्रशरची धूळ राहिली तर पहिल्याच महिन्यात तळ चोंदतो. बादलीत खडी घालून ढवळायची, पाणी नितळ दिसेपर्यंत. ते गढूळ पाणी मेंदीच्या चरात ओता.