संशोधनाचे निष्कर्ष धोरणात कधी उतरतात?

प्रश्न: लैंगिक व प्रजनन आरोग्याविषयी भक्कम पुरावा हाती असूनही धोरण बदलायला इतका विलंब का होतो?

उत्तर १: नेहमीच होतो असे नाही. गर्भनिरोधक इंजेक्शनामुळे एचआयव्हीचा धोका वाढतो का, हे आफ्रिकेतील चार देशांत तपासणाऱ्या ‘इको’ चाचणीचे निष्कर्ष जून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ऑगस्टमध्येच जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. मुळात तो प्रश्न धोरणकर्त्यांनाच भेडसावत होता.

उत्तर २: शिफारस बदलली, म्हणजे दवाखाना बदलला असे होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लशीच्या एका मात्रेचा पर्याय संघटनेने २०२२ मध्ये स्वीकारला, तरी खरेदी, प्रशिक्षण आणि लसीकरणाचे वेळापत्रक प्रत्येक देशालाच ठरवावे लागते.

प्रश्नकर्ता: आणि गर्भपात?

उत्तर २: तिथे बहुधा कायदाच आडवा येतो.