‘मानधन’ की पगार?

‘अंगणवाडी सेविकांच्या मानधनात वाढ’ अशी बातमी आली की मी ‘मानधन’पाशी अडखळते. व्याख्यात्याला, परीक्षकाला आपण देतो ते मानधन. कामाचं मोल करायचं नाही, पण माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचंही नाही, अशा वेळचा हा शब्द. बिदागी, दक्षिणा यांच्या जवळचा. मग रोज अंगणवाडी उघडणारी, पोरांना काट्यावर उभं करून वजनं टिपणारी, गरोदर बायकांच्या घरी जाणारी बाई घेते ते मानधन कसं?

माझ्या मावशीने 27 वर्षं हे काम केलं. ‘पगार अजून पडला नाही गं,’ असंच ती म्हणायची. एकदा घराच्या पत्र्यांसाठी कर्ज काढायला बँकेत गेली. साहेबांनी पगारपत्रक मागितलं, हिने पासबुक पुढे केलं. ‘बाई, हे मानधन आहे, पगार नाही,’ म्हणून अर्ज परत आला.

*

ताई, शब्द योजनेबरोबरच आला. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्यात सेविका ‘मानसेवी’, म्हणजे मानाखातर सेवा करणारी, ठरली. तिच्या हाताखालची ‘मदतनीस’. पुढे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या ‘आशा’ आल्या, त्या ‘स्वयंसेविका’, आणि त्यांना ‘मोबदला’. बायका घरी मुलं सांभाळतातच, तेच गावासाठी करतील, असा हिशेब या शब्दांमागे दिसतो.

शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकालाही मानधन मिळतं, हे खरं. पण 3 वर्षांनी तो शिक्षक होतो, वेतनश्रेणीत जातो. सेविका मात्र सेवा संपेपर्यंत मानधनावरच.

*

आणि ताई, कायद्यात या शब्दावरच वाद झाला आहे. गुजरातच्या सेविकांचा मणिबेन भारिया खटला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 25 एप्रिल 2022, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक. मानधन म्हणजे वेतन नव्हे, असं सरकारचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही: 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत मानधनही बसतं, म्हणून सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या बायका संपावर गेल्या तेव्हा मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच.

तरी नुसता शब्द बदलून भागेल असं वाटत नाही. 2006 मध्ये याच न्यायालयाने सेविकेचं पद हे सरकारी पद नाही असं म्हटलं होतं, आणि तो प्रश्न अजून तसाच लोंबकळतो आहे.

*

दादा, पटलं. पण शब्द बदलल्याशिवाय मागणीसुद्धा नीट मांडता येत नाही. दिवाळीला त्यांना मिळते ती ‘भाऊबीज भेट’. बोनस हक्काने मागता येतो, कमी पडला तर भांडता येतं. ओवाळणीत भाऊ ताटात घालील ते बहिणीने मुकाट्याने घ्यायचं! वर्षभर राबलेल्या बाईला सरकारने भावाच्या नात्याने पैसे द्यावेत, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी यापुढे ‘पगार’च लिहिणार. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे, मूळ अर्थ देणं चुकवणं. सरकारी आदेशातला शब्द द्यायचा असेल तिथे ‘मानधन’ अवतरणात.

*

आणि ताई, ‘सेविके’चं काय करायचं?

*

त्याचं उत्तर बायकांनीच दिलंय. त्यांच्या संघटनांच्या नावांत पाहा, ‘अंगणवाडी कर्मचारी’ असं असतं. सेविका आणि मदतनीस दोघी त्यात येतात.