वाढदिवस 6,200 रुपयांत झाला, पण राबलं कोण?

सातपूरचे काका:
नाशकात खर्च हाताबाहेर जातो म्हणणाऱ्यांनी एकदा आमचा हिशेब बघावा. परवा नातीचा पहिला वाढदिवस झाला. कॉलेज रोडच्या एका हॉलवाल्याने 40 माणसांचे 28,000 सांगितले. आम्ही घरीच पावभाजी, मसालेभात, गुलाबजाम केले. भाजी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून, सजावट कानडे मारुती लेनमधून. एकूण 6,200. गहूसुद्धा दरवर्षी एप्रिलमध्ये दोन क्विंटल भरून ठेवतो. दिवाळीत फ्रिज घेतला तो बिनव्याजी हप्त्यावर, वर जीएसटी कमी झाल्याचा फायदा. पैसा वाचवणं शेवटी घरच्या बाईच्या हातात असतं. हल्लीच्या मुलींना ते जमत नाही, कारण कष्ट नकोत.

सिडकोची सून:
काका, शेवटची दोन वाक्यं वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस असाच घरी झाला. 45 माणसं. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत मी आणि सासूबाई मटार सोलत होतो. पहाटे चारला उठून बटाटे उकडायला लावले. संध्याकाळी केक कापला तेव्हा मी ओट्यापाशी पाव भाजत होते, कारण पाव गरमच लागतात. अल्बममध्ये माझा फक्त एक हात आहे, परात पुढे करणारा. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. माझ्याकडे त्याच्या पहिल्या वाढदिवसाचा आम्हा दोघांचा एकही फोटो नाही.

तुमच्या 6,200 मध्ये बटर आलं, पाव आले, गॅस धरलाय की नाही माहीत नाही. घरातल्या बायकांचे दोन दिवस कुठे लिहिलेत? आचारी बोलावला असता तर त्याची मजुरी लिहिली असतीत. भांडी घासायला बाई लावली असती तर तिचेही पैसे लिहिले असतेत. घरच्या बाईने केलं की ते शून्य रुपयांचं होतं आणि त्यालाच तुम्ही बचत म्हणता. वर म्हणता, मुलींना कष्ट नकोत. नोकरी करून हे सगळं करणाऱ्या मुली तुम्हाला दिसत नाहीत का?

पंचवटीच्या बाई:
मी 31 वर्षं शाळेत शिकवलं आणि घरची सगळी कार्यंही केली. आमच्या वाड्यात कुणाकडे बारसं असलं की पाच-सहा जणी पोळपाट घेऊन जायच्या. शंभर-सव्वाशे पोळ्या गप्पांत लाटून व्हायच्या. कुणी मजुरी मोजली नाही. प्रत्येक गोष्टीचे पैसे करायला लागलो तर घर आणि खानावळ यात फरक काय राहिला?

सिडकोची सून:
बाई, तुम्ही पाच-सहा जणी होतात. आम्ही दोघी होतो, त्यातल्या एकीचे गुडघे दुखत होते. आणि तुमच्या वाड्यातले पुरुष निदान पंगतीत वाढायला तरी उभे राहायचे ना?

पंचवटीच्या बाई:
राहायचे. पाणीसुद्धा तेच भरायचे. एवढं तुझं मान्य करते, आता तसं दिसत नाही.

नाशिकरोडचा नोकरदार:
मूळ पोस्टमधल्या फ्रिजबद्दल कुणीच बोलत नाहीये. काका, 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी 28 वरून 18 वर आला तो एसीवर आणि 32 इंचांवरच्या टीव्हीवर. फ्रिजवर आधीही 18 होता, आताही 18च आहे. दुकानदाराने फलक लावला म्हणून फायदा झाला असं होत नाही. बिनव्याजी हप्त्याचंही तसंच. बँक व्याज लावतेच, क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर त्या व्याजावर जीएसटी वेगळा, वर प्रोसेसिंग फी. दुकानदार तेवढीच सूट दिल्याचं दाखवतो, म्हणून ते बिनव्याजी दिसतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. मी वॉशिंग मशीन घेताना त्याच काउंटरवर विचारलं, सगळे पैसे आत्ता दिले तर किती? 1,800 कमी झाले.

सातपूरचे काका:
हप्त्याचं तपासतो. पण गव्हाचं काय? तिथे तर कुणी चूक काढू शकत नाही.

निफाडचा शेतकरी:
मी काढतो. आमच्याकडे दर एप्रिलला नाशिकचे लोक गाड्या घेऊन येतात. 50 किलोच्या कट्ट्यामागे 20 रुपये कमी करा म्हणून अर्धा-अर्धा तास घासाघीस. मागच्या हंगामात मी गहू चाळून, साफ करून, घरपोच किलोला 34 ने दिला. हॉलवाल्यापुढे, शोरूमवाल्यापुढे हीच माणसं गप्प असतात. सगळी बचत शेतकऱ्याच्या आणि गंगेवर बसलेल्या भाजीवाल्या मावशीच्या पदरातूनच का काढायची?

सातपूरचे काका:
2025-26 चा हमीभाव 2,425 रुपये क्विंटल होता. म्हणजे सव्वाचोवीस रुपये किलो. तुम्ही 34 ने विकला. किलोमागे जवळपास दहा रुपये जास्त घेऊन वर आम्हालाच सुनावता?

निफाडचा शेतकरी:
दहा रुपये खिशात गेले असं समजता का? हमीभाव म्हणजे सरकारी खरेदीचा भाव. त्यात चाळणी नाही, बारदान नाही, निफाडहून सातपूरपर्यंतचं डिझेल नाही आणि तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पोतं चढवणारा हमाल नाही. जिन्यात उभं राहून हमालाच्या पैशांवरून वाद घालणारे लोक मी पाहिलेत. राग येतो, खोटं नाही सांगत.

इंदिरानगरची आई:
भावाचं राहू द्या, मला किड्यांचं सांगा. मागच्या मे महिन्यात दोन क्विंटल लोकवन गहू घेतला. श्रावणात कोठी उघडली तर पोरकिडे नुसते वळवळत होते. चार रविवार चाळण्यात गेले. तरी तीसेक किलो टाकून द्यावा लागला.

द्वारकेचा दादा:
धान्याच्या गोळ्या मिळतात, कपड्यात बांधून पोत्यात ठेवायच्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं ठेवतो, काही होत नाही.

रुग्णालयात काम करणारी:
दादा, कुठल्या गोळ्या ते न सांगता असा सल्ला देऊ नका, हात जोडते. गोदामात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. ज्या घरात लोक राहतात तिथे त्या आणायच्याच नाहीत. त्यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही.

द्वारकेचा दादा:
आमच्या त्या पारदाच्या आहेत, फॉस्फाईडच्या नाहीत. तुम्ही लगेच माणसं मेल्याचं काढलंत.

रुग्णालयात काम करणारी:
मग तसं लिहायचं होतंत. वाचणारा दुकानात जाऊन नुसतं "गव्हाच्या गोळ्या द्या" म्हणेल. आणि पारा तरी खाण्याच्या धान्यात कशाला?

पंचवटीच्या बाई:
गोळ्या लागतच नाहीत. गव्हाला दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय कोठीत भरायचा नाही, गरम भरला की घाम धरतो आणि तिथूनच कीड लागते. मग हाताने एरंडेल चोळायचं, आम्ही क्विंटलला अर्धा लिटर लावतो. तळाला आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. इंदिरानगरच्या बाईंचा गहू बहुतेक ओला भरला गेला.

इंदिरानगरची आई:
ऊन द्यायला गच्ची कुठे आहे? आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं.

सिडकोची सून:
बघा, पुन्हा तेच झालं. ऊन द्यायचं, चोळायचं, चाळायचं, हे सगळं कोण करतं? चार माणसांना वर्षाला दोन क्विंटल. वाण्याकडे 40 ने मिळाला आणि शेतकऱ्याकडून 34 ने आणला तर वाचले 1,200. त्यासाठी मे महिन्याच्या उन्हात माझे चार दिवस जातात. दिवसाला 300 रुपये. एवढ्या पैशात कुणी मजूर येईल का? मी दोन वर्षांपासून महिन्याला 15 किलो आणते आणि दळून घेते. कीड नाही, कोठी नाही.

पण काका, एक तुमचं बरोबर आहे. 28,000 द्यायचे नव्हतेच. धाकटीच्या वाढदिवसाला आम्ही जवळच्या बचत गटाला सांगितलं. 40 जणांची पावभाजी, भात, कोशिंबीर, वाढायला दोघीजणी, 9,500. तुमच्यापेक्षा 3,300 जास्त गेले. केक कापताना मी तिच्या शेजारी उभी होते.

सातपूरचे काका:
हे सगळं घरी वाचून दाखवलं. ही म्हणाली, "दोन दिवस कंबर धरली होती, तुम्ही विचारलंत कधी?" विचारलं नव्हतं. मुलींना कष्ट नकोत हे वाक्य मागे घेतो. हॉल मात्र कधीच करणार नाही, त्यावर ठाम आहे. पुढच्या वर्षी पाव मी आणि मुलगा भाजू.

निफाडचा शेतकरी:
काका, गहू उभा आहे, चांगला आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरपोच देतो, 34. पोती तुम्ही बापलेकांनी वर नेलीत तर 33. दोन क्विंटल लिहू का?

सातपूरचे काका:
थांबा. हिला विचारून सांगतो.