धर्मादाय रुग्णालयात शिकाऊ हात: कुणाच्या जिवावर?

टाकेवाली

काल 'गरिबाचं कुत्रं म्हणजे विद्यार्थ्यांची कच्ची वही नव्हे' ही पोस्ट वाचली. म्हणणं असं की धर्मादाय प्राणी रुग्णालयांनी विद्यार्थ्यांच्या हातात स्काल्पेल, म्हणजे ऑपरेशनची सुरी, देणं बंद करावं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या जनावरांवर हात बसवायचा आणि पुढे महागड्या दवाखान्यात जाऊन बसायचं, हा अन्याय आहे. खाली होकारांची रीघ. मग शिकायचं कुठे, हे एकानेही विचारलं नाही. मी अशाच रुग्णालयात शिकले, गेली बारा वर्षं तिथेच शिकवते. गप्प बसवत नाही.

'हातात स्काल्पेल देणं' म्हणजे काय, ते आधी सांगते. पोरं पहिले कित्येक दिवस टेबलाजवळ येत नाहीत. गाठी मारतात. आधी दोरीवर, मग सिलिकॉनच्या पॅडवर, मग ओले ग्लोव्हज घालून. त्यानंतर भूल बघणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं: जबडा किती सैल पडलाय, पापणीला बोट लावलं तर हलते का, मिनिटाला श्वास किती. मग कातडीचे टाके, मग पोटाच्या भिंतीचे. अंडाशय सगळ्यात शेवटी. कुत्रीचं उजवं अंडाशय डाव्यापेक्षा पुढे, बरगड्यांकडे असतं आणि सहज वर येत नाही. त्याला धरून ठेवणारा बंध बोटाने सैल करावा लागतो. कमी ताणलं तर दिसत नाही, जास्त ताणलं तर रक्तवाहिनी फाटते आणि पोट रक्ताने भरतं. तो ताण नेमका किती, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. शिकणाऱ्याच्या बोटावर माझं बोट ठेवूनच सांगावं लागतं.

आणि याआधी काय चालायचं, ते पोस्टवाल्यांना ठाऊक असायला हवं. निरोगी कुत्री आणायची, त्यांच्यावर ऑपरेशन शिकायचं आणि भुलेतून उठूच द्यायचं नाही. अनेक देशांतल्या महाविद्यालयांत कित्येक दशकं हीच रीत होती. प्रयोगात प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलं, तरी शिकवण्याच्या टेबलावर ते पोचायला फार वर्षं गेली. आज मुलं ज्या जनावराला कापतात, त्याला त्या ऑपरेशनची गरज असते आणि ते संध्याकाळी उठून घरी जातं. तुम्हाला जुनं परत हवंय का?

मनीची आई

मूळ पोस्ट माझी आहे.

गाठी दोरीवर मारतात, छान. माझ्या मनीचं काय झालं ते सांगते. साधी नसबंदी. सकाळी दिली, दुपारी फोन आला, 'ऑपरेशन नीट झालं'. संध्याकाळी घ्यायला गेले तर एका मुलीने खाली मान घालून सांगितलं की मांजर गेली. ऑपरेशन विद्यार्थिनीने केलं होतं, हे मला केसपेपरवरच्या सहीवरून कळलं. आधी कुणी विचारलं नाही. मी ज्या कागदावर सही केली त्यात बारीक अक्षरात 'प्रशिक्षणार्थींचा सहभाग असू शकतो' असं होतं म्हणे. मी तो वाचला नाही, कारण मागे तीस माणसं उभी होती.

तुमच्या इतिहासाचं मी काय करू?

रात्रपाळी

मी शेवटच्या वर्षाला आहे. दोघींचं वाचून हसावं की रडावं कळेना. स्काल्पेल? मला धर्मादाय रुग्णालयात पाठवलं, पहिले तीन आठवडे मी पिंजरे धुतले. रोज बेचाळीस. विष्ठा काढा, ट्रे बदला, जंतुनाशक मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा. फी भरून. हे क्लिनिकल प्रशिक्षण? हा फुकटचा कामगार आहे. लोकांना वाटतं आम्ही त्यांच्या प्राण्यांवर प्रयोग करतोय, आणि आमच्यातल्या निम्म्यांना शीर शोधून कॅथेटर, म्हणजे सलाईनची नळी, लावायचीसुद्धा संधी मिळालेली नाही.

जुना कंपाउंडर

पोरी, सव्वीस वर्षं मी असेच पिंजरे धुतोय. कामगार आहे म्हणूनच सांगतो.

एक बोका आला होता, पायाला जखम म्हणून. डॉक्टरांनी पाय बघितला, पट्टी केली. दुसऱ्या दिवशी ट्रे कोरडा. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, खालून चाटतो, थेंब नाही. मी धावत जाऊन सांगितलं. लघवी तुंबली होती. अशा वेळी रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि मांजर बघता बघता जातं. तो बोका ट्रेमुळे वाचला, स्टेथोस्कोपने नाही. दुसरी एक कुत्री, नसबंदीसाठी ठेवलेली. रात्रीत पाण्याचं भांडं दोनदा रिकामं. माज येऊन महिना झालेला, बाहेर स्राव काही नाही. गर्भाशय पुवाने भरलं होतं. भांडं मी भरत होतो म्हणून कळलं.

पिंजरा धुणारा जे बघतो ते ओपीडीत बसणाऱ्याला दिसत नाही. हे शिकायला तीन आठवडे कमीच आहेत.

रात्रपाळी

'पोरी' म्हणू नका, ही पहिली गोष्ट.

दुसरी, तुम्ही जे सांगितलं ते मला त्या तीन आठवड्यांत कुणी सांगितलं का? हातात खराटा दिला, तक्ता नाही. 'अमुक नंबरच्या पिंजऱ्यात काय दिसलं' असं एकदाही कुणी विचारलं नाही. एका पिल्लाची विष्ठा रक्ताळलेली दिसली म्हणून मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगायला गेले, तर 'आधी रांग पूर्ण कर' म्हणाले. पार्व्हो निघाला, पिल्लांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा आजार. तोवर मी त्याच बुटांनी पुढचे अकरा पिंजरे फिरले होते. आजही ते अकरा डोळ्यांसमोर येतात. हे शिक्षण असेल तर मी नापास व्हायला तयार आहे.

हिशोबी

विद्यार्थिनी बोलली ते खरं दुखणं आहे आणि ते पैशाचं आहे. शिक्षणसंस्थेला स्वतःचं रुग्णालय चालवणं परवडत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेसने २००३ मध्ये पशुवैद्यकाची पहिली तुकडी घेतली ती स्वतःच्या शिकवण्याच्या रुग्णालयाशिवायच. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठानेही २००६ पासून मुलं बाहेरच्या दवाखान्यांत पाठवायची पद्धत धरली. बाहेर शिकवणाऱ्यांची नीट बांधणी असेल तर ते चांगलं चालतं, मी नाही म्हणत नाही. पण देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या गळ्यात वीस मुलं बांधायची आणि शिकवणाऱ्याचा पगार मात्र द्यायचा नाही, तर ती संस्था मुलांना खराटाच देणार. तिच्याकडे दुसरं देण्यासारखं उरतंच काय?

खाजगीवाला

माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन नवे डॉक्टर येतात. धर्मादायमधून आलेल्यांचे हात चालतात, हे मान्य करतो. बाकीच्यांना साधं पोट उघडायचं तर घाम फुटतो. पण धर्मादायवाल्यांच्या सवयी मोडायला मला वर्ष लागतं. नोंदी अर्धवट. वेदनाशामक 'एक डोस दिलाय, पुरे'. मालकाला समजावून सांगायचं असतं हे ठाऊकच नाही, कारण तिथे मालक हात जोडून उभा असतो, प्रश्न विचारत नाही. दिवसाला पस्तीस नसबंद्या पाहिलेला मुलगा वेगवान होतो. चांगला होतोच असं नाही.

टाकेवाली

खाजगीवाले, मोठ्या संख्येने नसबंदी करणाऱ्या चांगल्या केंद्रांत भूल, वेदनाशामक, निर्जंतुक हत्यारं यांचे नियम ठरलेले असतात. वेग येतो तो छोटा छेद, ठरलेला क्रम आणि तयार टीम यांमुळे. तुमच्याकडे येणारी मुलं वाईट केंद्रांतून येत असतील. अशी केंद्रं आहेत, नाकारत नाही.

आणि एक गोष्ट धर्मादायमध्येच शिकता येते: पैसे संपल्यावर काय करायचं. मोठ्या रुग्णालयात मुलगा शिकतो की पार्व्होचं पिल्लू म्हणजे भरती, शिरेतून सलाईन, चोवीस तास देखरेख. मालक म्हणाला 'परवडत नाही' की त्याच्याकडे एकच उत्तर उरतं, कायमच्या झोपेचं इंजेक्शन. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासात चाळीस पिल्लं होती. आधी सगळ्यांना शिरेतून सलाईन देऊन सावरलं. मग वीस पूर्ण भरतीत, वीस त्वचेखाली सलाईन, एक दीर्घकाळ टिकणारं अँटिबायोटिक आणि उलटी थांबवणारं इंजेक्शन अशा साध्या पद्धतीवर. पहिल्यांपैकी १८ जगली, दुसऱ्यांपैकी १६. दोन पिल्लांचा फरक आहे, तो लपवायचा नाही. पण उपचाराशिवाय बहुतेक मरतात. ही मधली वाट आपल्या मुलांना शिकवायची आहे.

खाजगीवाला

ती साध्या पद्धतीवरची वीस पिल्लंसुद्धा रुग्णालयातच ठेवून, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली तपासली होती. घरी कामावर जाणारा मालक दिवसातून अनेकदा सलाईन टोचेल आणि तापमान बघेल, हे गृहीत धरू नका. पद्धत चांगली आहे, मीही वापरतो. पण ती 'स्वस्तात तेच' म्हणून विकू नका.

टाकेवाली

विकत नाहीये. ठीक, देखरेखीचा मुद्दा घेते.

जुना कंपाउंडर

पार्व्हो निघालाच आहे तर बोलतो. अकरा पिंजरे त्याच बुटांनी फिरलीस, त्यात तुझी चूक कमी आणि त्या डॉक्टरांची जास्त. पण पहिल्या दिवशी कंपाउंडरला विचारलं असतंस तर त्याने सांगितलं असतं: निरोगी पिल्लं आधी, आजारी शेवटी, आणि विलगीकरणाचे बूट दाराबाहेर येत नाहीत. तुम्ही डॉक्टर होणारी माणसं आम्हाला विचारत नाही. सव्वीस वर्षांत मला प्रश्न विचारणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके.

रात्रपाळी

तुमच्याकडे येऊन विचारायला हवं होतं. हे लागलं मला, आणि लागायलाच हवं होतं. पण विचारण्याची जबाबदारी फक्त माझीच का? तुमच्यासारख्यांना दिसतंच ना, कुणी उलट्या क्रमाने जातंय ते? तिथल्या कंपाउंडरनेही बघितलं होतं. काही बोलले नाहीत.

जुना कंपाउंडर

बोललो की 'तू कोण' ऐकावं लागतं. ऐकलंय मी.

मनीची आई

पिंजऱ्यांवर इतकं बोललात सगळे. माझी मनी पिंजऱ्यातच गेली. टेबलावर नाही.

टाकेवाली

ताई, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही पहिल्यांदाच लिहिलं होतंत की ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला होता.

ब्रिटनमधल्या भुलेच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ साली छापला गेला. शंभराहून जास्त दवाखाने, जवळपास ऐंशी हजार मांजरं. भूल किंवा गुंगीशी निगडित मृत्यूचं प्रमाण मांजरांत ०.२४ टक्के, कुत्र्यांत ०.१७. सगळ्यात जास्त मृत्यू ऑपरेशन चालू असताना नव्हे, त्यानंतर झाले होते. आणि त्या नंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे पहिल्या तीन तासांत.

मनीची आई

टक्केवारी सांगू नका मला. माझ्याकडे एकच मांजर होती.

पण तीन तासांचं सांगितलंत ते बरं झालं. म्हणजे त्या मुलीच्या हातात दोष नसेलही. मी वर्षभर तिला दोष देतेय, तिची सही अजून डोळ्यांपुढे आहे. मग मी आता हे विचारते: मनीला पिंजऱ्यात ठेवल्यावर तिच्याकडे कोण बघत होतं?

टाकेवाली

तिथलं मला सांगता येणार नाही. आमच्याकडचं सांगते, आणि हे कबूल करणं सोपं नाही. ऑपरेशन थिएटरात एका विद्यार्थ्यामागे एक वरिष्ठ असतो. रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर जनावरं शुद्धीवर येतात तिथे, सोळा पिंजऱ्यांमागे एक माणूस असतो, तोही फोन घेतो आणि केसपेपर शोधतो. आम्ही शिकवण्याचं सगळं वजन टेबलावर टाकलंय.

संमतीपत्राचंही तुमचं खरं आहे. आमच्या कागदावरही ती ओळ बारीकच आहे. तोंडी सांगायला हवं: ऑपरेशन विद्यार्थी करेल, शेजारी मी असेन, नको असेल तर मी स्वतः करेन.

मनीची आई

आणि 'नको' म्हटलं तर माझी पाळी कधी येईल? त्याच दिवशी, की दोन महिन्यांनी? माझ्यासारखीला दुसरीकडे जाता येत नाही. नकाराची किंमत दोन महिने असेल तर तो होकार विचारूच नका.

टाकेवाली

आज आमच्याकडे नकार दिला तर पाळी मागे जाते. खोटं बोलणार नाही. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

हिशोबी

उत्तर आहे. दुसरा पगारी शल्यचिकित्सक. देणगीदार पाटीवर नाव लावायला पैसे देतात, पगाराला देत नाहीत.

मनीची आई

विद्यार्थी बंद करा, हे मी मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

रात्रपाळी

पुढच्या महिन्यात माझी दुसरी फेरी आहे. रिकव्हरीत तीन तास बसवलं तर मी बसेन, तक्रार करणार नाही. पण काय बघायचं ते सांगा. कंपाउंडर काका, तुम्हीच सांगा, विचारतेय मी.

जुना कंपाउंडर

वही काढ. दर दहा मिनिटांनी हिरड्या बघायच्या. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. पांढऱ्या दिसल्या आणि पोट फुगत चाललं तर आत रक्त जातंय, तिथूनच ओरडायचं, रांग पूर्ण करायची नाही. श्वास मोजायचा, छातीवर नजर ठेवून, अंदाजाने नाही. थर्मामीटर लावायचा. मांजर ३७ च्या खाली असेल तर पांघरूण आणि कोमट पाण्याच्या बाटल्या, पण बाटली कापडात गुंडाळून, नाहीतर कातडी भाजते आणि त्याला ते सांगता येत नाही. मान सरळ, जीभ बाहेर. जनावर डोकं उचलून स्वतः छातीवर बसेपर्यंत तू तिथून उठायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे.