देवगडसाठी सात आसनी: ठाण्याची जुनी अर्टिगा, नवी सीएनजी की लीज?

सडा_किनारा
घर देवगडला, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. गाडी बाजूने उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहील. वर्षाला साधारण १२,००० किमी धावेल. त्यात महिन्यातून दोनदा तळेरे-वैभववाडी-करूळ घाटाने कोल्हापूर, सहा-सात माणसं आणि सामान घेऊन.

पर्याय तीन. २०१९ ची अर्टिगा पेट्रोल मॅन्युअल, ठाणे पासिंग, ६२,००० किमी, मागणी सव्वासात लाख. किंवा नवी अर्टिगा सीएनजी, आठ लाख कर्ज काढून. किंवा ३६ महिन्यांची लीज (कंपनीची गाडी महिन्याच्या भाड्याने), वर्षाला १०,००० किमीची मर्यादा. जीएसटी १८ टक्के झाल्यामुळे नवीच घ्या, असं बरेच जण सांगतात. ठाण्याच्या गाडीला खालून ताजं काळं कोटिंग केलेलं आहे, तो फायदाच धरायचा ना?

करूळ_घाट
आधी जीएसटीचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लागतो तो चार मीटरच्या आतल्या गाड्यांना, त्यातही पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तरच. अर्टिगा ४.४ मीटरच्या आसपास, इंजिन १४६२ सीसी. तिच्यावर आधी सेस धरून ४५ टक्के होता, आता ४० आहे. फरक पडला, पण लोक सांगतात तेवढा नाही. रेनोची सात आसनी ट्रायबर १८ टक्क्यांत बसते, मात्र ७२ पीएस (इंजिनाची ताकद) एवढ्यात सात माणसं, सामान आणि एसी घेऊन करूळ चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमधून बाहेर येणं कठीण. तुमच्या वापराला मी ती सुचवणार नाही.

सीएनजीचंही तसंच. आताची अर्टिगा पेट्रोलवर १०३ पीएस देते, सीएनजीवर ८८. सपाटीला जाणवत नाही, भरल्या गाडीने घाटात जाणवतं, म्हणून चढण लागायच्या आधीच बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची. सिलिंडर तिसऱ्या रांगेच्या मागे, त्यामुळे सातही जण बसले की आंब्याच्या पेट्या टपावर. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तो खर्च धरा. वर्षाला १२,००० किमीत गॅसची बचत होईल, पण गॅस भरायला वेगळी फेरी पडणार असेल तर ती तिथेच संपेल. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तरच सीएनजी.

२०१९ चं १.५ पेट्रोल या कामाला चांगलं इंजिन आहे. चाचणी चढावर घ्या. तिसऱ्या गिअरला २,००० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपत आलीय. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर घेतल्या दिवशी बदला. ते हवेतली ओल शोषतं, मग उतारावर गरम झालं की वाफ धरतं आणि पेडल खाली बसतं. कोकणातल्या हवेत हे लवकर होतं.

जांभा_चिरा
ताजं काळं कोटिंग हा फायदा नाही, तपासणीचा मुद्दा आहे. गंज न काढता वरून मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि पत्रा आतून खात जातो. किनाऱ्यावर इंजिन दुरुस्त होतं, बॉडी होत नाही, म्हणून गाडी खालून निवडायची.

दोन खांबी लिफ्ट असलेल्या गॅरेजला न्या. दाराखालच्या सिलच्या (उंबऱ्यासारख्या पट्टीच्या) जोडावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. खणखणीत आवाज हवा; भदभद आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर तिथे पत्रा मेलाय. पुढचा क्रॉस मेंबर (खालची आडवी तुळई), मागच्या अ‍ॅक्सल बीमवर स्प्रिंग बसते ती वाटी, एक्झॉस्टचे फ्लँज (पाइपांचे बोल्टचे सांधे) बघा. ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपमध्ये अडकवलेले असतात तिथे बोट फिरवा, कारण पाइप क्लिपखालीच आधी कुजतो. बॉनेट उघडून शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टॉवरवरचा सीलंट फुगलाय का बघा. बॅटरीचा ट्रे उचलून खालीही बघा.

दारांच्या तळाला पाणी निघायची छोटी भोकं असतात. त्यात प्लास्टिकची टाय घाला. तांबडी माती घट्ट बसलेली निघाली तर दार आतून ओलं राहत आलंय. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम: मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, २०० च्या वर गेला तर पुन्हा मारलेला, त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी.

पुराची शंका वेगळी तपासा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी पट्ट्यात उल्हास नदीचं पाणी चढलं होतं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्या भागांतल्या गाड्या पुढे कुठेही विकल्या गेलेल्या असू शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. बाकीचा पट्टा धुतलेला असतो. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू, कार्पेटखालचा फोम बघा. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशी दिसली तर पुढे बघूच नका. या मॉडेलची स्मार्ट हायब्रिडची (इंजिनाला विजेची थोडी साथ देणाऱ्या यंत्रणेची) छोटी लिथियम बॅटरी पुढच्या सीटखाली असते, म्हणजे केबिनमध्ये पाणी आलं की ती आधी भिजते.

घेतल्यावर खालून धुवायचं ते गोड्या पाण्याने. किनाऱ्यालगतच्या बोअरचं खारट पाणी मारणं न धुण्यापेक्षा वाईट. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, गाडी पूर्ण वाळवून, सिल आणि दारांच्या पोकळीत मेण मारून घ्या, भोकं मोकळी ठेवून. कापडी कव्हर घालू नका, खारी दमट हवा आत कोंडते. उघडी शेड बरी.

हिशेबनीस
लीज तुमच्या वापराला बसत नाही. मर्यादा १०,००० किमीची, तुमचं धावणं १२,०००. तीन वर्षांत ६,००० किमी जादा, त्याचे पैसे प्रत्येक किमीला. शिवाय भाड्यावर जीएसटी, मध्येच सोडली तर दंड, आणि परत देताना ओरखडे, गंज, सीटवरचे तांबडे डाग यांची वजावट. वर जांभा_चिरा म्हणतात तसं मेण बाहेरच्या गॅरेजमध्ये मारून घ्यायलाही गाडीच्या मालकाची, म्हणजे लीज कंपनीची, परवानगी लागेल. पगारातून कंपनीमार्फत लीज असेल तर करात फायदा होऊ शकतो, नुसत्या सोयीसाठी नको.

आठ लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता १६,६०० च्या आसपास, एकूण व्याज दोन लाखांना थोडं कमी. किनाऱ्यावर सात-आठ वर्षं टिकवणार असाल तर नवी परवडते, कारण पहिल्या दिवसापासून तिची निगा तुमच्या हातात. जुनीला सव्वासात मला जास्त वाटतात. टायरच्या बाजूला चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मूळचेच टायर असतील तर चारही बदलायचे धरून किंमत पाडा.

जुनीचे कागद: गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याचं तिच्यावर कर्ज असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र). राज्य तेच, म्हणून नंबर बदलत नाही. गोव्याची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर फॉर्म २८ (तिथल्या आरटीओची एनओसी), बारा महिन्यांच्या आत फेरनोंदणी आणि इथला रोड टॅक्स मिळवून किंमत मोजा. विमा १४ दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. नव्या विम्यात इंजिन प्रोटेक्शन (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई) घ्याच.

सडा_किनारा
विकणारे म्हणतात, कोटिंग नुकतंच केलंय, लिफ्टवर चढवायची गरज नाही. आधी टोकन द्या, मग बघा.

मालवणी_चाक
वरचो रंग बघून भुलू नकात, खाली वाकून बघा. लिफ्ट नाय तर टोकन नाय.

जांभा_चिरा
बरोबर. फारच आवडली असेल तर टोकन पाच हजारांच्या वर नको, तेही खात्यावर. पावतीवर लिहून घ्या: ‘लिफ्टवरील तपासणीत गंज, वेल्डिंग किंवा पाणी शिरल्याची खूण आढळल्यास पूर्ण रक्कम परत.’ सिलवर कोटिंग असेल तिथे दोन ठिकाणी नाण्याएवढं खरवडून बघायची परवानगीही त्यातच लिहा. खाली स्वच्छ पत्रा किंवा कंपनीचा प्रायमर दिसला तर भाव बोला. तपकिरी भुकटी निघाली तर टोकन परत घ्या आणि नव्या गाडीकडे वळा.